रेडियमचा उंडा

नाशिकच्या द्वारका सर्कलला उभं राहून कुणाला "व्हिनाइल कुठे मिळेल हो?" असं विचारलं, तर समोरचा नुसता बघत राहील. तेच "रेडियम" म्हणा, रिक्षावालासुद्धा मान न वळवता दुकान सांगेल. आता १८९८ साली क्युरी दांपत्याने शोधलेलं रेडियम या मालात औषधालाही नसतं. अंधारात चमकणाऱ्या रंगात ते कधीकाळी घालत. त्यामुळे चमकणाऱ्या पट्टीला हे नाव चिकटलं, आणि पुढे न चमकणारीलाही तेच लागलं. व्हिनाइल म्हणजे पाट्यांवर नि गाड्यांवर चिकटवायची पीव्हीसीची फिल्म, आणि नाशिकमध्ये मागे गम असलेली कुठलीही रंगीत फिल्म म्हणजे रेडियम. काळी, पिवळी, चकाकणारी, मॅट, सगळी.

हा माल दुकानात येतो तो रुंद येतो. सर्वांत जास्त चालणारा रोल चार फुटी, म्हणजे १२२० मिमी रुंद आणि ५० मीटर लांब. शिवाय १३७० आणि १५२० मिमीचेही असतात. उलट रेडियमवाल्याच्या टेबलावरचा कटिंग प्लॉटर, म्हणजे संगणकावरून फिल्ममध्ये अक्षरं कापणारं मशीन, बहुतेक वेळा दोन फुटी. आडगावच्या ट्रक टर्मिनलला मागणी ५० मिमीच्या पट्ट्यांची, सातपूर-अंबडच्या कारखान्यांना जमिनीवर मारायला पिवळ्या-काळ्या पट्ट्या हव्यात दोन नि तीन इंची. म्हणजे मधे कुणीतरी रुंद रोल अरुंद करायला हवा. या कामाची ख्याती काहीच नाही. पाटीवर नाव रंगकामाचं होतं, डिझाइनचं होतं, फार तर चिकटवणाऱ्याच्या हाताचं होतं. रोल कापणाऱ्याची आठवण येते ती कापणं बिघडलं की.

माझं मत असं, की यातली बहुतेक बिघाडी पात्याच्या नावावर खपते आणि असते गुंडाळीची. अळूवडी ज्यांनी केली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. उंडा सैल वळला असेल तर सुरी कितीही परजा, वडी ताटात उलगडते. घट्ट वळला असेल तर साध्या सुरीनेही चकत्या सुबक पडतात. रेडियमचा रोल हा तसाच एक उंडा आहे, फक्त १३० वेढ्यांचा.

हे १३० कुठून आले? फिल्म साधारण ८० मायक्रॉनची (हजार मायक्रॉनचा एक मिमी), तिच्यामागे गम पंचवीसेक मायक्रॉन, आणि त्यामागे सिलिकॉन लावलेला कागद, तो सगळ्यांत जाड, १३०-१३५ मायक्रॉन. मिळून झाले ०.२४ मिमी. आतली पुठ्ठ्याची नळी तीन इंची, बाहेरून नव्वद मिमी धरू. तिच्यावर ५० मीटर माल चढला की रोलचा व्यास १५३ मिमीच्या आसपास येतो, म्हणजे नळीवर साडेएकतीस मिमी जाडीची भिंत. ती भागिले ०.२४. वजन सोळा किलोच्या घरात. आपण कापतो ती ही साडेएकतीस मिमीची भिंत. तिच्यात प्लास्टिक, गोंद आणि कागद असे तीन वेगळ्या स्वभावाचे गडी एकाआड एक बसलेले असतात. प्लास्टिक ताणलं जातं, गोंद वाहतो आणि कागद तुटतो. पात्याला तिघांशीही एकाच वेळी निभावून न्यायचं असतं.

म्हणून पातं हातात घ्यायच्या आधी रोलचं तोंड बघावं. तोंड म्हणजे रोलची ती गोल बाजू, जिथे वेढ्यांच्या रेषा दिसतात. रेषा एकसारख्या गोल हव्यात. कधी त्यांच्यात आत चांदणी पडलेली दिसते, म्हणजे चार-पाच ठिकाणी वेढे नळीकडे दबून टोकदार झालेले असतात. आतले वेढे सैल आणि बाहेरचे घट्ट गुंडाळले की बाहेरचे आतल्यांना पिळतात, त्याची ही खूण. असा रोल जसाच्या तसा कापू नये. पातं चांदणीत शिरलं की तिथले वेढे हलतात आणि कड दातेरी येते. दुसरी खूण म्हणजे रोल दुर्बिणीसारखा एका बाजूला सरकलेला असतो. हा सैल गुंडाळलेला. तिसरी परीक्षा कानाची. लाटण्याएवढा लाकडी दांडा घेऊन रोलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हलकेच ठोकत जावं. आवाज एकसारखा टणक आला तर ठीक. मधेच भदभद वाजला तर तेवढ्या पट्ट्यात रोल पोकळ आहे, आणि नेमका तिथे काप घ्यायचा असेल तर आधी रोल पुन्हा गुंडाळून घ्यावा.

आता कापायचं. पहिला विचार सगळ्यांचा तोच असतो, करवत. हॅक्सॉने होतं, कष्टाने होतं. फिरत्या ब्लेडच्या कटऑफ मशीनने दोन मिनिटांत होतं, आणि तिथेच घोळ होतो. फिरतं दातेरी ब्लेड तापतं, गम वितळून दातांत भरतो, दात भरले की ते कापायचे थांबून घासायला लागतात, घासून आणखी तापतात. वेढ्यांच्या कडा एकमेकींना चिकटून काळसर काच झाल्यासारख्या दिसतात. नाकात झोंबणारा आंबट वास आला तर समजावं की पीव्हीसी जळतंय आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतोय. तो फुप्फुसाला वाईट, मशीनच्या लोखंडालाही वाईट. याच कारणाने हा माल लेझरवर कधीच कापू नये, कितीही मोह झाला तरी. शिवाय करवतीचं ब्लेड स्वतःच्या जाडीएवढा, अडीच-तीन मिमी माल प्रत्येक कापात भुसा करून खातं. तो भुसा उघड्या गमावर बसतो, आणि पुढे पाटीच्या कडेला पांढऱ्या लवेसारखा दिसतो.

एखाद-दुसरा रोलच कापायचा असेल आणि मशीन नसेल, तर त्यातल्या त्यात बरी रीत अशी. जिथे काप हवा तिथे रोलभोवती सरळ कडेच्या कागदाची पट्टी गुंडाळायची. पट्टी स्वतःवर चढताना तिची कड कडेवर तंतोतंत बसली, तर रेषा नळीशी काटकोनात आहे. कड बाजूला सरकली, तर तेवढा तिरकसपणा आहे. पेन्सिलीने रेघ मारून त्यावर दोन्ही बाजूंना पुरेल अशी पॅकिंगची तपकिरी टेप दोन वेढे घट्ट मारायची, म्हणजे वरचे वेढे सरकत नाहीत. रोल दोन व्ही आकाराच्या लाकडांवर ठेवून एकाने फिरवायचा आणि दुसऱ्याने लांब, पातळ, बारीक दातांची करवत हलक्या हाताने चालवायची. एकाच जागी खोल जायचं नाही, सगळीकडून थोडं थोडं. काप झाल्यावर तोंड मऊ ब्रशने झाडायचं आणि वरचे दोन-तीन वेढे टाकून द्यायचे.

आणि दहा मीटरचंच काम असेल तर रोल कापूच नये. दहा मीटर उलगडा, टेबलावर पट्टी ठेवून नव्या ब्लेडने कापा, मोकळे व्हा. सोळा किलोच्या रोलला हात लावायची हौस बरी नव्हे.

नेहमीचं काम असेल तर लेथसारखं रोल कटर लागतं. रोल एका शाफ्टवर चढतो, सावकाश फिरतो, आणि बाजूने गोल, गुळगुळीत धारेचं पातं त्यात हळूहळू शिरतं. इथे भुसा नाही. पातं माल बाजूला सारत आत जातं. पण सारायला जागा हवी, आणि तिथे दुसरी गंमत होते. पातं घाईने दाबलं की ते पातळ असल्यामुळे वाकतं आणि काप सरळ न जाता बशीसारखा खोलगट जातो. बाहेरून मोजलं तर रोल ६१० मिमी भरतो, आत नळीपाशी ६०७. गिऱ्हाईक बाहेरूनच मोजतं, खूश होऊन जातं. तीस मीटर संपल्यावर त्याचा प्लॉटर कडेवरून घसरायला लागतो, आणि शिव्या प्लॉटरला बसतात. तेव्हा कापल्यावर स्टीलची पट्टी तोंडावर आडवी धरून उजेडाकडे बघावं. पट्टीखालून मधे उजेड दिसला तर बशी झाली आहे. एक मिमीपर्यंत चालतं, त्यापुढे पातं बदला किंवा दाबाचा वेग निम्मा करा. बहुधा दोन्ही.

पात्याचा पल्लाही आधी मोजून घ्यावा. भिंत साडेएकतीस, नळीचा पुठ्ठा सहा-सात, म्हणजे पातं त्याला धरणाऱ्या चकतीबाहेर किमान ४० मिमी तरी निघायला हवं. आणि नळीच्या आत, शाफ्टवर प्लास्टिकच्या पाइपचं आवरण हवंच, कारण शेवटच्या क्षणी पातं पुठ्ठा फोडून आत येणार. ते स्टीलच्या शाफ्टला टेकलं तर धारेचं तिथेच श्राद्ध. पात्याला गम धरू नये म्हणून काही जण सिलिकॉन स्प्रे मारतात. मी म्हणेन, नका मारू. सिलिकॉनचा अंश फिल्मच्या कडेवर राहिला तर तिथे शाई धरत नाही आणि दुसरी फिल्म चिकटत नाही. साबणाच्या पाण्याचा नुसता ओलसर फडका पुरतो. पाणी जास्त झालं तर कागदाची कड फुगते. पातं पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावं, आणि पुसायचं ते मशीन बंद करून. रोल फिरत असताना हातात मोजे नकोत. मोजा अडकला की हात आत जातो. मोजे घालायचे ते पातं बदलताना.

तरी या रीतीची एक मर्यादा राहते. मूळ गुंडाळी जशी आहे तशीच ती कापते. चांदणी असेल तर चांदणीसकट. गुंडाळी सुधारायची असेल तर रोल उलगडून, चालत्या मालाला कापून, पुन्हा नव्या नळ्यांवर गुंडाळावा लागतो. हे काम स्लिटर-रिवाइंडरचं. रोल एका बाजूने सुटतो, ब्रेकने धरून ठेवलेला असतो, मधल्या रोलरांवरून जाताना पाती त्याला चिरतात, आणि पलीकडे अरुंद रोल तयार होतात. पाती तीन तऱ्हांनी बसवतात. दाढीच्या ब्लेडसारखी उभी पाती, दोन रोलरांच्या मधल्या जागेत. ही स्वस्त आणि नुसत्या फिल्मला उत्तम, पण आपल्या मालाच्या मागच्या कागदाने लवकर बोथट होतात. कडक रोलरवर दाबून फिरणारं गोल पातं. हे बसवायला सोपं, पण दाबल्यामुळे गम कडेबाहेर पिळून निघतो. आणि कात्रीसारखी वरखाली घासून जाणारी दोन गोल पाती, एकमेकांवर एखादा मिमी चढलेली. व्हिनाइलला कागद असल्यामुळे मला ही तिसरी जोडी सर्वांत पटते. बसवायला वेळ खाते, पण काप कागदाचा आणि फिल्मचा एकदमच घेते.

खरं कसब मात्र पुन्हा गुंडाळण्यातच. नळीजवळ ताण जास्त, मग व्यास वाढेल तसतसा ताण हळूहळू कमी. उलट झालं की चांदणी. ताण सरसकट जास्त ठेवला तर आणखी एक गोष्ट घडते, आणि ती लगेच दिसत नाही. फिल्म ताणलेल्या अवस्थेत गुंडाळली जाते, आणि पीव्हीसीला मूळ मापावर परत जायची सवय असते. रोल आठ दिवस कपाटात राहिला की फिल्म आखडते, कागद काही आखडत नाही. मग फिल्म आणि कागद यांच्यामध्ये छोटे छोटे बोगदे उठतात, किंवा कागदाची किनार फिल्मखालून डोकावायला लागते. स्वस्त, लाटून केलेल्या मोनोमेरिक मालात हे जास्त. पातळ, ओतून केलेल्या कास्ट फिल्ममध्ये फार कमी, कारण ती तयार होतानाच ताणली गेलेली नसते.

गमाचा आणि हवेचा संबंध नाशिककराला समजावून सांगायला नको, वर्षात तिन्ही हवामानं इथे जोरात येतात. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीकडे जातो आणि गम मऊ होतो. काप घेताना पात्यामागून चिकट तार निघते, कडेला गम पाझरतो. त्या दिवसांत रोल आदल्या रात्री थंड खोलीत ठेवावा आणि कापणं सकाळी लवकर आटपावं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरात उतरतो, तेव्हा उलट. सकाळी फिल्म कडक असते, कडेला बारीक खाच पडली की तिथून पुढे फाटत जाते. अशा दिवशी अकरा वाजेपर्यंत थांबलं तर काही बिघडत नाही. पावसाळ्यात गुन्हेगार कागद. तो ओलावा पितो, कडेने फुगतो आणि रोलची कड झालरीसारखी होते. मूळ वेष्टन कापायच्या वेळीच फाडावं, आधी नाही. वीस ते पंचवीस अंश आणि कोरडी खोली मिळाली तर स्वर्गच. न मिळाली तर निदान रोल फरशीवर ठेवू नका.

मालागणिक धारेचं आयुष्यही वेगळं असतं. पारदर्शक फिल्म पात्याला सर्वांत प्रेमाने वागवते. पांढऱ्यात टिटॅनियम डायॉक्साइड भरलेलं असतं, ते धार झिजवतं. आणि खरोखर चमकणारं, म्हणजे ज्याला रेडियम म्हणायचा थोडाफार हक्क आहे ते रिफ्लेक्टिव्ह शीट, त्याच्यात काचेचे बारीक मणी असतात. काच कापून धार टिकेल कशी? पांढऱ्या व्हिनाइलचे दहा रोल कापलेल्या पात्याने रिफ्लेक्टिव्हला हात लावू नये, आणि रिफ्लेक्टिव्ह कापलेलं पातं परत साध्या मालाला लावू नये. ट्रकला पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल पट्टी लागते. त्या पट्टीचा जो प्रिझमचा प्रकार, त्याच्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी हवेची घरं असतात. काप घेतला की कडेची घरं उघडी पडतात आणि त्यात पाणी शिरतं. घरं वेगवेगळी बंद असल्यामुळे ते कडेच्या ओळीपाशी थांबतं, पण काप वेडावाकडा असेल तर दोन ओळी जातात आणि पट्टीला मळकट किनार येते. २०२७ च्या सिंहस्थासाठी दिशादर्शक पाट्या मोठ्या संख्येने लागणार, त्यांच्या कडा बघायची ज्यांना सवय आहे त्यांना ही किनार लांबूनच ओळखू येईल.

वाईट कडेचा हिशेब शेवटी प्लॉटरवर होतो. दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मिमी सोडून दाबरोलर, म्हणजे माल दाबून धरणारी चाकं, बसतात. रोल तिरका कापलेला असेल आणि माल मीटरमागे दोन मिमी सरकत असेल, तर पाच मीटरला दाबरोलर कडेबाहेर. कडेला गम पाझरला असेल तर त्याहून वाईट, कारण वेढे एकमेकांना हलकेच चिकटतात आणि रोल सुटताना गचके खातो. गचका बसला की प्लॉटरला कळत नाही, तो आपल्या हिशेबाने पुढे जातो. इंग्रजी अक्षरांत हे काही वेळा खपून जातं, अक्षर छोटं आणि सुटं असतं. मराठीत मात्र शिरोरेखा. ट्रकच्या माथ्यावर "सप्तशृंगी माता प्रसन्न" लिहायचं तर जोडलेली अक्षरं आणि वरची रेघ मिळून एका शब्दाची एकच बाह्यरेषा होते. प्लॉटर ती एका दमात कापतो, निघाला तिथे परत येतो, आणि टोकं अर्ध्या मिमीने चुकलेली असतात. सोलायला घेतलं की न कापलेल्या त्या अर्ध्या मिमीपाशी अख्खी शिरोरेखा उचलली जाते. त्या क्षणी कारागीर प्लॉटरचं पातं बदलतो. रोलची कड तपासत नाही.

मापाचंही थोडं. गिऱ्हाईक इंचात बोलतं, मशीन मिलिमीटरमध्ये. चार फुटी रोलमधून बारा इंची चार रोल मागितले तर कागदावर ३०५ चोक १२२० बरोबर बसतं, पण मूळ रोलच्या दोन्ही कडांना वाटेत मार बसलेला असतो, त्या पाच-पाच मिमी छाटाव्याच लागतात. मग प्रत्येकी ३०२ मिळतील, हे आधीच सांगून टाकावं. ५० मिमीच्या पट्ट्या रिवाइंडरवर चोवीस निघतात, दोन्ही कडा छाटूनही दहा मिमी उरतं. करवतीवर तेवीसच. चोविसावी भुशात जाते, आणि तिची किंमत हिशेबात कुणी धरत नाही.

कापलेले रोल नुसते तोंडावर तोंड ठेवून रचू नयेत, ताजी कड ताज्या कडेला चिकटते. मधे मागच्या कागदाचीच गोल चकती घालावी, सिलिकॉनची बाजू गमाच्या कडेकडे. एक बारीकशी गोष्ट बरेच जण विसरतात. मूळ रोलवरचा कंपनीचा कागद, ज्यावर बॅच नंबर असतो, तो चारांतल्या एकाच तुकड्याबरोबर जातो. दुसऱ्या बॅचचा तोच लाल शेजारी लावला की बसच्या कुशीवर उन्हात दोन वेगळे लाल दिसतात. तेव्हा प्रत्येक नळीच्या आतल्या बाजूला बॅच, रुंदी आणि कापल्याची तारीख लिहावी. मार्करने नको. साधी सुतारी पेन्सिल, ठसठशीत.